गोल्फ : आपला दंड आपणच सांगायचा

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘कारखान्यातील सुरक्षितता’ असं सांगितलं होतं. पुण्यात तीस वर्षं तेच काम केलं, त्यामुळे त्यावर बोलायला तयारी लागत नाही. दुसऱ्या दिवशी समितीतून फोन आला, “भौ, जेवणं झाल्यावर ठेवलंय तुझं भाषण. लोकं झोपतील. तू ते गोल्फचं सांग.”

गोल्फचं सांग म्हणायला कारण होतं. ७ ऑगस्ट २०२१ हा दिवस आपल्या वर्गाच्या ग्रुपवर बऱ्याच जणांना आठवत असेल. टोकियो ऑलिंपिक चालू होतं. त्या दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्यात सुवर्णपदक मिळवलं. पण त्याच दिवशी पहाटेपासून अदिती अशोक नावाची मुलगी गोल्फ खेळत होती आणि पदकाच्या अगदी जवळ होती. शेवटी ती चौथी आली. एका फटक्याने पदक हुकलं. त्या सकाळी ग्रुपवर मला प्रश्नांवर प्रश्न आले. बर्डी म्हणजे काय? उणे पंधरा चांगलं कसं? हे लोक इतके हळू का चालतात? मधेच पाऊस आला तर काय? मी टाइप करून करून थकलो. तेव्हा जे नीट सांगता आलं नाही ते आज सांगतो. शिवाय आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती शेवटी सांगेन, कारण ती सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागणार आहे.

आपण लहान असताना जालन्यात गोल्फ मी पाहिलेला नाही. सहावीची परीक्षा देऊन आपण सुट्टीत होतो आणि १ मे १९८१ ला आपला जालना जिल्हा वेगळा झाला. तेव्हा या मैदानावर कबड्डी, खो-खो, विटी-दांडू आणि भिंतीला लागून गोट्या, एवढंच होतं. पण मला विचाराल तर गोल्फ कळायला गोट्या आणि विटी-दांडू पुरेसे आहेत. गोटी गलीत घालायची असते, विटी दांडूने मारायची असते. काठीने मारून चेंडू गलीत घालायचा, की झाला गोल्फ. फरक इतकाच की गल चारशे मीटर लांब असते आणि अशा अठरा गली असतात.

त्या गलीला होल म्हणतात. तिची रुंदी १०८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या पाण्याच्या तांब्याच्या तोंडाएवढी समजा. चेंडूचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. काठ्या, म्हणजे क्लब, जास्तीत जास्त चौदा नेता येतात. पंधरावी चुकून पिशवीत राहिली तरी दंड. जिथून पहिला फटका मारायचा ती जागा म्हणजे टी. मधलं कापलेलं गवत म्हणजे फेअरवे, बाजूचं वाढलेलं ते रफ, वाळूचा खड्डा तो बंकर, आणि गलीभोवतीची गालिच्यासारखी हिरवळ ती ग्रीन. प्रत्येक होलला चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत हे ठरलेलं असतं, तीन, चार किंवा पाच. त्याला पार म्हणतात. पारपेक्षा एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. अठरा होल मिळून पार साधारण ७० ते ७२ असतो. ज्याचे फटके कमी तो जिंकला. म्हणून उणे पंधरा चांगलं. गणिताच्या बाईंनी आपल्याला ऋण संख्या शिकवल्या तेव्हा हे उदाहरण असतं तर माझे दोन गुण वाढले असते.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. १७४४ साली एडिनबराजवळच्या लीथ इथल्या खेळाडूंनी पहिले लेखी नियम केले. ते फक्त तेरा होते. आपल्याकडे तो इंग्रजांबरोबर आला. १८२९ साली कलकत्त्यात क्लब निघाला, ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना. मुंबईत चेंबूरला १९२७ पासून मैदान आहे, पुण्यात येरवड्याला आहे, आणि लष्कराच्या छावण्यांमध्ये तर बऱ्याच ठिकाणी आहे. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, हेही त्या गडबडीत फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी काही हौसेने गेलो नव्हतो. २०१२ साली कंपनीत परदेशी पाहुणे आले. त्यांना रविवारी गोल्फ खेळायचं होतं, आणि साहेबांनी मला बरोबर धाडलं. वय त्रेचाळीस. बूट साधे, टी-शर्ट बिनकॉलरचा. दारावरच्या माणसाने कॉलर नाही म्हणून थांबवलं, तेव्हा दुकानातून शर्ट विकत घ्यावा लागला. त्याची किंमत बायकोला मी आजही सांगितलेली नाही.

तिथे मला एक कॅडी मिळाले. कॅडी म्हणजे पिशवी उचलणारा, असं मला वाटत होतं. ते साठीच्या पुढचे, सडपातळ, डोक्याला टोपी. पहिल्या होलवर पाहुणा चेंडू मारायला उभा राहिला आणि मी त्याच्या मागे उभा राहून शेजारच्याशी बोलत होतो. कॅडींनी हळूच म्हटलं, “साहेब, आवाज.” मी गप्प झालो. मग म्हणाले, “साहेब, सावली.” माझी सावली चेंडूवर पडली होती. मी सरकलो. ग्रीनवर गेल्यावर म्हणाले, “साहेब, पाय.” तेव्हा मात्र मला कळेना, पायाचं काय चुकलं. पाहुण्याचा चेंडू आणि होल यांच्यामधल्या रेषेवर मी पाय दिला होता. तिथलं गवत इतकं बारीक असतं की बुटाच्या ठशाने चेंडू वळतो. दुसऱ्याच्या दारातली रांगोळी ओलांडताना आपण जपतो, तसं जपून वळसा घालून जायचं असतं.

अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, “गाव कोणतं?” मी म्हटलं, जालना. ते थांबलेच. त्यांचे वडील १९७२ च्या दुष्काळात अंबड तालुक्यातून पुण्याला आले होते, खडी फोडायला. ते स्वतः तेव्हा पोरसवदा होते. तेही खडीवरच होते आणि पुढे या मैदानावर लागले. तेव्हापासून मी त्यांना काका म्हणतो आणि ते मला साहेब म्हणायचे थांबले. मला जो काही गोल्फ येतो तो काकांनी शिकवला. नियमांचं पुस्तक त्यांनी वाचलेलं नाही, पण समितीतले लोक अडलं की त्यांना विचारायचे. कॅडींना कमी लेखू नका. दिल्लीच्या मैदानावर कॅडीचं काम केलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू.

काकांची शिकवण अशी होती की आधी वागणं, मग फटका. त्यांनी मला पहिले तीन रविवार फक्त चालायला आणि उभं राहायला शिकवलं. मारणारा चेंडूवर उभा असला की हालचाल नाही, बोलणं नाही, आणि त्याच्या समोरच्या बाजूला, त्याला दिसेल असं, लांब उभं राहायचं. पुढचे लोक टप्प्यात असताना मारायचं नाही. आणि मारलेला चेंडू कोणाच्या दिशेने गेला तर लाज न बाळगता जोरात ओरडायचं, “फोर!” हा त्यांचा ठरलेला शब्द आहे. तो चेंडू दगडासारखा कडक असतो, डोक्यात बसला तर माणूस जातो. मी सुरुवातीला ओरडायला लाजायचो. काका म्हणाले, “लाज वाटती का? मग दवाखान्यात त्याच्या बायकोला काय सांगशील?”

फटक्याबरोबर गवताचा तुकडा उडाला तर तो उचलून आणून जागेवर लावायचा आणि पायाने दाबायचा. ग्रीनवर चेंडू उंचावरून पडला की खळगा पडतो, तो बुजवायचा, आणि जमलं तर शेजारचा दुसऱ्याचाही बुजवायचा. बंकरमधून निघताना आपल्या पावलांवरून दंताळं फिरवायचं. ते दंताळं पाहून मला वडिलांचं शेत आठवलं. आपल्याकडे बांधावरून जाताना दुसऱ्याच्या पेरणीत पाय पडला तर ओरडा बसायचा, तोच हा प्रकार.

आणि हळू चालायचं नाही. टीव्हीवर हळू दिसतं खरं, पण क्लबच्या मैदानावर मागे दुसरे चौघे थांबलेले असतात. तुमचा चेंडू सापडत नसेल तर शोधायला तीन मिनिटं मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळायची. मागचे जलद असतील तर हात करून त्यांना पुढे जाऊ द्यायचं. खरा रिवाज असा की होलपासून ज्याचा चेंडू लांब तो आधी मारतो, पण आता जो तयार आहे त्याने मारावं असंही चालतं. पाऊस आला तर खेळायचं, वीज चमकली तर मात्र सगळं सोडून आत यायचं, कारण उघड्या माळावर हातात लोखंडी काठी घेऊन उभं राहण्यात शौर्य नाही.

एक गोष्ट इथे टाळून पुढे जाता येत नाही. आपल्यापैकी एकाने मला ग्रुपवर सरळ विचारलं होतं, “आम्हाला टँकर येईना आणि तुम्ही गवताला पाणी पाजता?” मी २०१२ ला खेळायला लागलो, आणि २०१२-१३ चा उन्हाळा आपल्या जिल्ह्याने कसा काढला ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. माझ्या भावाची मोसंबीची बाग त्याच वर्षी वाळली. ती तोडायला मी गावी आलो होतो. शनिवारी झाडं तोडली आणि पुढच्या रविवारी पुण्यात हिरव्या गवतावर उभा होतो. त्या दिवशी मी नऊ होल खेळून घरी आलो, पुढचे जमले नाहीत. काही मैदानं सांडपाणी शुद्ध करून वापरतात, आणि कोरड्या भागात, विशेषतः छावण्यांमध्ये, हिरवळीऐवजी तेल मिसळून दाबलेल्या वाळूची ‘ब्राउन’ असायची, त्यावर पाणी लागत नाही. हे मी भावालाही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, बोलला काही नाही. मीही तो मुद्दा तिथेच सोडतो, कारण माझ्याकडे त्यावर पूर्ण उत्तर नाही.

आता नियम. आज त्याचं जाड पुस्तक आहे, पण नव्या माणसाला सुरुवातीला थोडेच पुरतात. पहिला आणि सगळ्यांत मोठा : चेंडू जिथे पडला तिथूनच मारायचा आणि मैदान जसं आहे तसंच खेळायचं. झाडाच्या मुळाशी गेला, बुटाच्या ठशात बसला, नशीब. पायाने सरकवायचा नाही, मागचं गवत दाबायचं नाही, आडवी येणारी फांदी मोडायची नाही. सुटी पानं, काड्या उचलता येतात, पण उचलताना चेंडू हलला तर एक फटका दंड आणि चेंडू परत जागेवर. ग्रीनवर मात्र चुकून हलला तर आता दंड नाही, नुसता परत ठेवायचा. ग्रीनवर चेंडू उचलून पुसताही येतो. त्याआधी मागे नाणं ठेवून खूण करायची. काका यासाठी जुना आठ आण्याचा शिक्का वापरत.

मारायला गेलात आणि चेंडू हुकला, नुसती हवा कापली, तरी तो फटका मोजला जातो. मारायचा इरादा होता ना, मग झाला. माझ्या पहिल्या होलवर असे चार होते.

पांढऱ्या खुंट्यांपलीकडे चेंडू गेला किंवा हरवला, तर एक दंड आणि पुन्हा आधीच्याच जागेवरून. म्हणून शंका असेल तर शोधायला निघण्याआधीच दुसरा चेंडू मारून ठेवायचा, आणि तसं सोबत्यांना सांगूनच मारायचा. पिवळ्या किंवा लाल खुंट्यांच्या आत, म्हणजे बहुधा पाण्यात, गेला तर एक दंड भरून बाहेर चेंडू सोडता येतो. तो गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. पूर्वी हात आडवा धरून खांद्याच्या उंचीवरून सोडत, २०१९ ला बदललं. दुसऱ्याचा चेंडू चुकून मारला तर दोन दंड, म्हणून आपल्या चेंडूवर पेनाने खूण करा. मी ‘जा’ लिहितो. पुण्याचे लोक विचारतात, हे जा म्हणजे कुठे जा? मी म्हणतो, जालना.

आणि कच्चा लिंबू या खेळात लेखी आहे! आपण लहान भावाला खेळात घेताना लिंबूटिंबू म्हणायचो, तो आउट होत नसे. गोल्फमध्ये त्याला हँडिकॅप म्हणतात. तुमच्या आधीच्या खेळावरून आकडा ठरतो, जास्तीत जास्त ५४ पर्यंत, आणि तितके फटके हिशोबात वजा होतात. त्यामुळे नवखा माणूस पट्टीच्या खेळाडूबरोबर खेळू शकतो, आणि कधी जिंकतोही. मला हा भाग फार आवडतो.

पण हे सगळे नियम पाळले जातात की नाही ते बघणार कोण? कबड्डीला पंच असतो, क्रिकेटला अंपायर आणि वर कॅमेरा. मोठ्या स्पर्धेत नियम सांगायला माणसं असतात, पण एरवी गोल्फमध्ये तुमच्या चेंडूपाशी तुम्ही एकटे असता. झाडीत गेलेल्या चेंडूला पाय लागला तर पाहणारा कावळासुद्धा नसतो. दंड झाला हे तुम्हीच सांगायचं. तुमचं गुणपत्रक सोबती लिहितो, शेवटी तुम्ही तपासून सही करता आणि त्याचीही सही असते. लिहिलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तोच धरला जातो. कमी असेल तर तुम्ही स्पर्धेतून बाद.

१९२५ साली अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स नावाच्या खेळाडूचा चेंडू गवतात जरासा हलला. कोणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःवर एक दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि पुन्हा खेळवलेल्या सामन्यात तो हरला. लोकांनी कौतुक केलं तर त्याला ते आवडलं नाही. बँक लुटली नाही म्हणून कोणी कोणाचं कौतुक करतं का, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला. दुसरा किस्सा १९६८ चा, अमेरिकेतल्याच मास्टर्स स्पर्धेचा. अर्जेंटिनाचा रॉबर्टो डी विसेन्झो. त्याचा त्या दिवशी पंचेचाळिसावा वाढदिवस. त्याने सतराव्या होलवर तीन फटके मारले, जगाने टीव्हीवर पाहिलं. सोबत्याने चुकून चार लिहिले आणि याने न तपासता सही केली. आकडा जास्त होता म्हणून जास्तच धरला. बरोबरी होऊन पुन्हा खेळायची संधी होती, ती एका फटक्याने गेली. पेपरवर सही करण्याआधी एकदा वाचा, असं बाई आपल्याला का सांगायच्या ते मला हा किस्सा वाचून कळलं.

आता माझं सांगतो.

२०१६ च्या पावसाळ्यानंतर एक छोटी स्पर्धा होती, हौशी लोकांची. तेराव्या होलवर माझा चेंडू रफमध्ये गेला. त्याच्यापुढे एक वाळलेलं पान होतं. ते उचलताना चेंडू अर्धा वळसा हलला. मी बोटाने तो परत ठेवला आणि मारला. दंड एकच होता. होल संपल्यावर सोबत्याने विचारलं, “किती?” मी म्हटलं, “सहा.” खरे सात होते. काका दहा पावलांवर क्लब पुसत होते. त्यांनी पाहिलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. ते बोलले नाहीत. मी सही केली. हँडिकॅप धरून माझा तिसरा नंबर आला आणि मला एक थर्मास मिळाला. चौथ्या नंबरवर आमच्याच कंपनीतला एक पोरगा होता, एका फटक्याने मागे.

थर्मास घरी आणला. बायकोने त्यात चहा भरून दिला. मला तो चहा पिववेना. तीन रात्री असंच. चौथ्या दिवशी मी नियमांचं पुस्तक काढून बसलो, खरं तर पळवाट शोधायला. मला वाटलं, स्पर्धा संपली, बक्षीस वाटलं, आता काय होणार? तिथे स्पष्ट लिहिलं होतं. निकाल लागल्यावर सहसा काही बदलत नाही, पण खेळाडूला दंड माहीत असून त्याने तो सांगितला नसेल, तर मुदत नाही. कधीही कळलं तरी बाद. मी समितीच्या माणसाला फोन केला, थर्मास परत दिला आणि त्या पोराला स्वतः जाऊन सांगितलं. काकांनाही सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं.” आणि दुसरंच बोलायला लागले.

‘मुदत नाही’ हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. कारण माझ्या नावावर आणखी एक दंड बाकी आहे, आणि तो या मैदानावरचा आहे.

डिसेंबर १९८४. गॅदरिंगच्या आधीचा कबड्डीचा अंतिम सामना, अ तुकडी विरुद्ध ब तुकडी. आम्ही, म्हणजे अ, एका गुणाने पुढे होतो. ब च्या कप्तानाची शेवटची चढाई. तो परत फिरताना त्याचं बोट माझ्या टाचेला लागलं. तो रेषेवर पोचला आणि ओरडला, “लागलं!” सरांना दिसलं नव्हतं. सरांनी खेळ थांबवून मला विचारलं, “लागलं का रे?” मी वर्गाचा मॉनिटर होतो. मी म्हटलं, “नाही सर.” तो वाद घालायला लागला. तेव्हा सर म्हणाले, “हा खोटं बोलणार नाही. तू खाली बस.” आम्ही जिंकलो. सर, माफ करा, हे पुढचं तुम्हाला आठवत असेल की नाही मला ठाऊक नाही. पंचाशी वाद घातला म्हणून तालुक्याच्या संघात तुम्ही त्याला घेतलं नाही. त्याच्या जागी गेलो मी.

लागलं होतं, सर. तो गुण त्याचा होता. बरोबरी झाली असती, जादा डाव झाला असता, आणि मग कोण जिंकलं असतं ते सांगता येत नाही. पण तालुक्याला तो गेला असता, हे नक्की.

तो इथेच बसला आहे, तिसऱ्या रांगेत. मोंढ्यात त्याचं दुकान आहे. तुम्ही सगळे ओळखता, त्यामुळे नाव घेत नाही. आठ दिवसांपूर्वी मी त्याला फोन करून हे सांगितलं आणि विचारलं, मेळाव्यात बोललो तर चालेल का. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला काय, मला तेव्हाच माहीत होतं. पण सांगायचंच असेल तर सर बसलेले असताना सांग.” म्हणून आज सांगितलं. ब तुकडीने मघाशी ज्या शिट्ट्या वाजवल्या, त्या आता पुन्हा वाजवायला हरकत नाही. ढाल कार्यालयात असेल तर तिच्यावर आमच्या तुकडीचं नाव आहे, त्याचं काय करायचं ते सर ठरवतील.

शेवटी उद्याचं. मी गाडीत पाच क्लब आणि प्लॅस्टिकचे दोन डझन चेंडू आणले आहेत. खरे चेंडू आणलेले नाहीत, शाळेच्या खिडक्यांना आत्ताच नवीन काचा बसवल्या आहेत असं मुख्याध्यापकांनी बजावलं आहे. सकाळी सात वाजता मैदानावर तीन होल तयार असतील, पत्र्याचे डबे पुरून केलेत, आपलं जालन्याचं ब्राउन. एक ध्वजस्तंभापाशी, एक पाण्याच्या टाकीपाशी, तिसरा जिथे आपण गोट्या खेळायचो त्या भिंतीजवळ. टाकीपाशी ओल आहे, तिथे चेंडू गेला तर एक दंड भरून बाहेर घ्या. चौघाचौघांचे गट अ-ब मिसळून केलेत, यादी चहाच्या टेबलावर लावली आहे. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी फक्त शेवटचा फटका मारला तरी चालेल, बाईंना मी आधीच विचारून ठेवलंय. मोजणी ज्याची त्याने करायची, सोबत्याने लिहायची. पहिला फटका सर मारतील. सर मारत असताना कृपा करून कोणी बोलू नका, आणि त्यांच्या मागे उभे राहू नका. माझ्या गटात मोंढ्याचा कप्तान आहे. माझं कार्ड तो लिहिणार आहे.